ताकदीची बाटली

दगा चहा पीत बसला होता आणि त्याच्या डाव्या टाचेतून गुलाबी दोरा लोंबत होता. सुंदराने तो पाहिला तेव्हा तिला विशेष काही वाटलं नाही. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या शेठकडून साड्यांचे गठ्ठे येत, ती घरी बसून त्यांच्यावर टिकल्या शिवून देई, आणि त्या कामाचे दोरे कोसाडच्या त्या दीड खोलीत कुठेही सापडत, पिठाच्या डब्यातसुद्धा. नवऱ्याच्या पायाला एखादा चिकटला तर नवल काय? तिने सहज वाकून तो ओढला. दोरा आला नाही. जरा जोर लावला तेव्हा टाचेचं जाड कातडं थोडं वर उचललं गेलं आणि मागोमाग सुई बाहेर आली. काल संध्याकाळपासून हरवलेली, जिच्यापायी तिने लेकीला, योगिताला, उगाच दोन शिव्या हासडल्या होत्या आणि गोधड्या झटकून झटकून हात दुखवून घेतले होते, तीच. सुई ओली होती. दगाने बशीतला चहा ओढला आणि विचारलं, "काय व्हयनं वं?"

"सुई व्हती पायमा."

"कोना पायमा?"

तो खरंच विचारत होता. मग त्याने टाच उलटी करून पाहिली, अंगठ्याने दाबली, एक काळसर थेंब आला तो पुसला, आणि त्याला हसू आलं. "पाय लोखंडना व्हई गया मना," तो म्हणाला. "तुनी बाटलीनी करामत शे." एवढं बोलून त्याने पायात चपला सरकवल्या, ग्लुकोजच्या पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि शटल रिक्षा गाठायला तो निघून गेला. यंत्रमागाच्या कारखान्यात त्याला बारा तास उभं राहायचं होतं. लूमवाल्याला बसायला कोणी पाट देत नाही.

सुंदराला हसू आलं नाही. ती सुई तिने पाण्याने धुतली, पदराला पुसली आणि तिच्यात पुन्हा दोरा ओवला, कारण साड्या संध्याकाळी द्यायच्या होत्या. पण टिकली बसेना. कोना पायमा, कोना पायमा, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. शेवटी तिने दार लोटून घेतलं, आपला पाय मांडीवर ओढला आणि टाचेला सुईचं टोक लावलं. जरासं टेकवलं मात्र, कळ थेट पोटरीपर्यंत गेली. तिचं तिलाच बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली. दुखलं याचा आनंद व्हावा ही कोणती तऱ्हा, असं तिला वाटलं असेलही; पण तिला त्यापेक्षा मोठा पेच पडला होता. आजवर तिचा हिशेब सरळ होता. अंगात ताकद असली की दुखत नाही, ताकद गेली की दुखतं. हा माणूस तर दिवसेंदिवस वाळत चालला होता, पँट सुतळीने बांधत होता, आणि त्याला दुखत नव्हतं. मग ती ताकद होती की आणखी काही होतं, हे तिला कोणी सांगणार नव्हतं. ती पुन्हा साडी ओढून बसली.

दगाची कमजोरी सुरू झाली ती प्लेगनंतर, असं ती धरून चालली होती. त्या वर्षी सगळं सुरत पळालं. हे लोकही नंदुरबारच्या गाडीत, एकाच्या मांडीवर दुसरा, असे पळाले. ज्याच्या हाती पडली त्याने प्लेगवरची कॅप्सूल गिळली. कोणाला आजार होता म्हणून नव्हे, शेजाऱ्याने गिळली म्हणून. पुढे जे वाचले ते म्हणू लागले, आम्ही कॅप्सूलवर वाचलो. न गिळता वाचले त्यांना कोणी विचारायला गेलं नाही. परत आल्यावर त्या कोसाडच्या वस्तीला गोळीची गोडी लागली ती लागलीच. पूर्वी देवाचा अंगारा नेमाने लावणारी माणसं आता तितक्याच नेमाने लाल-पिवळ्या कॅप्सूल घेऊ लागली, आणि नाक्यावरच्या दाक्तरला मान वर करायला फुरसत उरली नाही. दगा गावाहून आला तेव्हाच गाल बसलेले होते. पुढे तो रात्री उठून तांब्याच्या तांब्या पाणी पिऊ लागला, पुन्हा पुन्हा मोरीकडे जाऊ लागला. सुंदरा त्याला दाक्तरकडे घेऊन गेली. दाक्तरने जीभ पाहिली, मनगट धरलं, आणि म्हणाला, "वीकनेस छे, बेन. ताकत नी बाटली आपू छू." बाटली तपकिरी होती, वर चौखूर उधळलेल्या घोड्याचं चित्र होतं. त्या घोड्यानेच तिचा विश्वास बसला.

सकाळी अनशेपोटी दोन चमचे. डब्याबरोबर ग्लुकोजचं पाणी. कारखान्यात कापसाची कसपटं छातीत जातात म्हणून गुळाचा खडा. तो सगळेच लूमवाले खात, गूळ घशातली घाण खाली नेतो म्हणतात, पण सुंदरा दगाला इतरांच्या दुप्पट बांधून देई. संध्याकाळी शेजारच्या मंगलाबाईने सुचवलेली डब्यातली पावडर दुधात, वर साखर. निजताना कॅप्सूल. बारा लूम एकटा सांभाळणारा माणूस, मुकादमाला न भिणारा, तिच्यापुढे लहान पोरासारखा आ करून बसे आणि ती चमचा त्याच्या जिभेवर ओते. लग्नाला वीस वर्षं होत आली होती. या दोघांमध्ये गोड म्हणावं असं तेवढंच काही उरलं होतं, आणि दोघांनाही ते हवं होतं. सुंदरा स्वतः चमचासुद्धा चाटत नसे. कमावत्याची ताकद कमावत्यालाच. योगिताने एकदा बाटलीला बोट लावून चाखलं तेव्हा तिला फटका बसला होता. चमचा मोरीत विसळला जाई, म्हणून मोरीत मुंग्या येत. रोज सकाळी मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग असे आणि सुंदरा हळद टाकून त्यांना हुसकावी. टॉनिकचा गोडवा आहे, मुंग्या येणारच. दगा रात्री तिथेच लघवीला बसतो, ही गोष्ट तिला ठाऊक होती. पण दोन गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे त्यांची गाठ पडतेच असं नाही.

कमजोरीशी तिची ओळख जुनी होती. बहात्तरच्या दुष्काळात तिची माय, भागीरथी, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. कामावर सुकडी, गूळ-पिठाचा सरकारी खाऊ, मिळे. माय आपली सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणी आणि सुंदराच्या धाकट्या भावाला, धुडकूला, भरवी. पोर तरी वाळत गेलं. शेवटी ते मान धरेना. गावातल्या बायका येऊन बघत आणि एकमेकींना म्हणत, काही नही, कमजोरी शे. एक दिवस काम बंद होतं, सुकडी नव्हती. धुडकूने डोळे उघडले आणि तोंड हलवलं, तेव्हा मायने सवयीने पदराची गाठ सोडली. आत काही नव्हतं. ती ते रिकामं टोक कितीतरी वेळ उलटसुलट करत राहिली. सुंदरा चौदा वर्षांची होती आणि भिंतीला टेकून हे पाहत होती. धुडकू गेल्यावर माय रडली नाही फारशी, फक्त म्हणाली, "पोटमा काही गये की मानूस टिकस." एवढ्या मोठ्या दुष्काळाचा तिने लावलेला अर्थ एवढाच. सुंदरानेही तोच गाठीला बांधला. माणूस समोर वाळत असताना आपला हात रिकामा असू नये, यापलीकडे तिने आयुष्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि सुरतेने ते तिला दिलं होतं. इथे बाटल्या मिळत होत्या.

सुई निघाली त्या आठवड्यातच टाच सुजली. मग सूज घोट्यावर चढली. दगा चपलेचा मागचा पट्टा कापून कामावर गेला. दुखतं का विचारलं की म्हणे, "नही." आणि तेच खरं होतं, तेच वाईट होतं. सुंदराने हळद आणि तेल गरम करून लावलं. नाक्यावरच्या दाक्तरने इंजेक्शन दिलं, आणि जखम भरायला रक्त लागतं म्हणून दुसरी, लाल रंगाची बाटली दिली. पहिलीही चालू ठेवायला सांगितली. तिने दोन्ही दिल्या. दोन चमच्यांचे तीन केले. आता तिला त्याच्या श्वासाला वास येऊ लागला होता, जास्त पिकलेल्या केळ्यासारखा, आणि पायाला वेगळा. रात्री ती त्या दोन वासांच्या मध्ये पडून राही. योगिता दहावीचा अभ्यास करायला मैत्रिणीकडे जाऊ लागली होती, वासाचं नाव न घेता. मंगलाबाई दारातूनच म्हणाली, "डब्यातली पावडर वाढव बरं, सुंदरे. माझ्या भावाला फरक पडला." सुंदराने पावडर वाढवली. मग एका सकाळी पायाचं शेवटचं बोट काळं दिसलं. तिला वाटलं कारखान्यातलं ऑइल लागलंय. तिने ते फडक्याने पुसलं, जोराने पुसलं, साबण लावला. काळं तसंच राहिलं आणि दगा वर आढ्याकडे बघत विचारत होता, "धुई ऱ्हायनी का काय?"

मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांना नेलं ते दगाच्या मुकादमाने, टेम्पोत घालून. तिथली दाक्तरीण तरुण होती, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं, आवाज थकलेला पण धारेचा नव्हे. तिने पाय पाहिला, नाक न मुरडता पाहिला, याचंच सुंदराला बरं वाटलं. रक्त घेतलं, लघवी घेतली. मग कागद पुढे ओढून ती सुंदराला म्हणाली, "घर में खाने को क्या देती थी, बेन?"

सुंदराला या प्रश्नाची केवढी वाट होती हे तिला तेव्हाच कळलं. इतकी वर्षं तिला कोणी हे विचारलं नव्हतं. तिने पदर सारखा केला आणि सांगितलं. घोड्याची बाटली, रोज सुबह. ग्लुकोज. गूळ. दूध में पावडर, शक्कर डाल के. कॅप्सूल. आणि आता लाल बाटली. काही राहू नये म्हणून तिने बोटांवर मोजून पुन्हा एकदा सांगितलं. आपल्या मोडक्या हिंदीत ती म्हणाली, "मैंने कुछ कम नहीं किया, बाई. खुद के मुंह में नहीं डाला, इनको दिया." दाक्तरीण लिहीत होती ती मध्येच थांबली. पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं.

"इनको डायबिटीस है," ती म्हणाली. "खून में शक्कर. बहुत दिन से है. इसलिए सूखते गए, इसलिए पाय में कुछ मालूम नहीं पड़ता." मग त्या यादीवर बोट ठेवून, "बाटली से बीमारी नहीं हुई. लेकिन रोज इतना मीठा गया तो बढ़ती गई. और सब लोग कमजोरी, कमजोरी बोलते रहे, तो किसी ने जांच नहीं करवाई."

"पर ताकत का था वो," सुंदरा म्हणाली.

"दाल-रोटी खाता था ना आदमी? भाजी खाता था? फिर उसको बाटली का काम नहीं था." बोलता बोलता तिने हात पुढे केला आणि सुंदराच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. तिथे पाहून तिने सुस्कारा टाकला. "काम था तो तुमको था. तुम्हारे में खून किधर है?" तिने एका चिठ्ठीवर लोहाच्या गोळ्या लिहिल्या, औषधांच्या खिडकीवर फुकट मिळतील म्हणाली. मग दुसरा कागद पुढे सरकवला, ज्यावर सुंदराला अंगठा द्यायचा होता. पाय घोट्याच्या वर कापावा लागणार होता. उशीर केला तर गुडघ्याच्या वर.

अंगठ्याला शाई लागली होती तीच घेऊन ती व्हरांड्यात बसली. आपण रडावं असं तिला वाटत होतं, पण रडू येण्याआधी मन मागे मागे जात होतं आणि एकेक चमचा उचलून बघत होतं. कुठला? दिवाळीच्या आधीचा? कारखाना चार दिवस बंद होता तेव्हाचा, की तो खोकत होता म्हणून रागावून जबरदस्तीने पाजला होता तो? एखादा तरी चमचा असा सापडावा ज्याने काहीच बिघडवलं नाही. मोरीतल्या मुंग्या आठवल्या. मुंग्यांना कळलं होतं. अडाणी जीव, पण त्यांना कळलं होतं, आणि ती त्यांच्यावर हळद टाकत होती. तिला दाक्तरणीचा राग आला, मग नाक्यावरच्या दाक्तरचा, मग मंगलाबाईचा. पण राग कोणावरच टिकेना, फिरून घरी येई. धुडकूला काही मिळालं नाही म्हणून तो गेला. याला सगळं मिळालं म्हणून याचा पाय जातोय. मग बाईने करायचं काय? हा प्रश्न तिने कोणाला तरी विचारला असता, पण व्हरांड्यात प्रत्येक बाईच्या हातात डबा होता, शहाळं होतं, बिस्किटांचा पुडा होता, आणि प्रत्येकजणी आत शिरायची वाट बघत होती.

पाय कापला. लूमवर उभं राहणं संपलं, हे कोणी बोलून दाखवलं नाही. मुकादम येऊन गेला, खाटेच्या दांडीला हात लावून उभा राहिला, "आराम करो, दगाभाऊ," म्हणाला, आणि जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. योगिता येई तेव्हा बापाच्या चेहऱ्याकडेच बघे, खाली नजर नेत नसे. दगा शांत होता. इतका शांत की सुंदराला त्याचं भय वाटे. दुपारी वॉर्डातली माणसं कमी झाली तेव्हा तो म्हणाला, "दाक्तरीनबाई काय म्हने? कसाले गया पाय?"

सुंदराने ठरवलं होतं की सांगायचं. त्याने शिव्या द्याव्यात, हात उगारावा, निदान तोंड फिरवावं, म्हणजे हे ओझं दोन ठिकाणी वाटलं जाईल. खाटेच्या कडेला टेकून, त्याच्याकडे न बघता तिने सांगितलं. रक्तात साखर आहे. ती बाटली गोड होती, पावडर गोड होती, गूळ होता. "मीच दिनं तुमले," ती म्हणाली. "मना हातखाल दिनं."

 दगाने पंख्याकडे बघत मान हलवली. "त्या बाईले काय समजस?" तो म्हणाला. "तू दिनं म्हनीसन मी इतला दिन उभा ऱ्हायनू. नहीते कवळच पडी जातू." तो तिची समजूत घालत नव्हता. त्याचा तसा विश्वास होता. तिने सांगितलेलं सगळं त्याच्या कानावरून वाहून गेलं होतं, आणि त्याच्याजवळ मागे उरली होती ती त्याची चांगली बायको, जिने वर्षानुवर्षं त्याला काही कमी पडू दिलं नव्हतं. सुंदराला वाटलं, याने मला मारलं असतं तर बरं होतं. आता हे तिचं एकटीचं झालं. तिला माहीत, आणि त्याला कधीच माहीत होणार नाही, आणि याच्यापुढची सगळी वर्षं तो तिच्याकडे याच कृतज्ञ डोळ्यांनी बघणार.

त्याचे ओठ सुकले होते. जेवणात बिनसाखरेचं, बिनगुळाचं, मोजून. दोन पोळ्या, पातळ वरण, दुधीची भाजी. त्याने ते अर्धं टाकलं होतं. आता त्याने हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. हाताला वजन नव्हतं.

"गळी गयं सगळं," तो म्हणाला. "काही तरी दे ना वं. ताकदनं."

"आते काही नही द्यानं. बाईनी सांगेल शे."

"थोडंसं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पाय कापला तेव्हा आलं नव्हतं. "तुनाजोडे काही तरी शेच. तू ठेवसच."

तिच्या कमरेच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी होती. लोहाच्या, खिडकीवरून घेतलेल्या, तिच्या स्वतःच्या. त्या त्याच्या नव्हत्या. त्याला त्यांचा उपयोग नव्हता. दाक्तरणीने तिला समजावून सांगितलं होतं आणि तिला ते समजलंही होतं. इतकं स्वच्छ तिला आयुष्यात दुसरं काही समजलं नव्हतं. त्याला हवं होतं ते कुठल्याच गोळीत नव्हतं, कुठल्याच बाटलीत कधी नव्हतं. हे सगळं डोक्यात लख्ख असताना तिने पाहिलं की आपला हात पिशवीत गेला आहे. हात थांबला असता, तिने थांब म्हटलं असतं तर. तिने म्हटलं नाही. पट्टीचा कागद फुटला आणि एक लाल गोळी तिने त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने कसली म्हणून विचारलं नाही. तिने त्याची मान उचलून पाण्याचा पेला लावला. गोळी घशाखाली गेली तशी त्याने डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांत न दिसलेला एक सैलपणा त्याच्या चेहऱ्यावर आला.

"आते जरा बरं वाटस," तो म्हणाला.

आणि सुंदरालाही, लाज वाटावी इतकं, बरं वाटलं.